ओठ नसलेले गुडघे

"अकरा मार्चपासून तुमचा हात सरकलाय, बर्नडीन," डॉक्टर टिश्लर म्हणाल्या आणि त्यांनी टेबलावरचा संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. ऑक्टोबरातला शुक्रवार, सकाळचे सव्वानऊ, अंगावरचा कोटही मी अजून काढला नव्हता. पडद्यावर एका गुडघ्याचा एक्स-रे होता आणि हाडांच्या कडेने दोन रेषा, एक हिरवी, एक नारिंगी. दोन्ही माझ्याच. हिरवी फेब्रुवारीत काढलेली, नारिंगी ऑगस्टमध्ये. आमच्याकडे पद्धतच आहे तशी; दर वीस चित्रांमागे एक जुनं चित्र न सांगता पुन्हा पुढ्यात टाकतात, माणूस तेव्हा काढत होता तसंच आता काढतो का ते बघायला. दोन्ही रेषा वरून खाली एकमेकींच्या अंगावरून आल्या होत्या, आणि नडगीच्या हाडाच्या आतल्या कडेला हिरवी रेषा नखाएवढी बाहेर गेली होती, नारिंगी मात्र सरळ खाली उतरली होती. तिथे हाड वाढलेलं होतं. झीज झाली की हाडाच्या कडेला असा फुगवटा पुढे येतो. आम्ही एक्स-रे वाचणारे त्याला ओठ म्हणतो. ऑगस्टमध्ये मी ओठ काढलाच नव्हता. शेंबड्या पोरालाही दिसला असता तो. डॉक्टरांनी दुसरं चित्र लावलं, तिसरं लावलं, आणि मी बघत राहिले. मला काहीतरी वाटायला हवं होतं. काही वाटलं नाही. कोटाच्या खिशात एकच हातमोजा होता, दुसरा कुठे राहिला याचा मी विचार करत होते.

"बाकी तुमची रेषा जशीच्या तशी आहे," त्या म्हणाल्या. "फक्त ओठ. जिथे जिथे ओठ आहे तिथे हाड पूर्वी कसं असेल तसं तुम्ही काढलंय. अकरा मार्चच्या दुपारपासून. त्या दिवशी सकाळची चित्रं ठीक आहेत. दुपारी काय झालं होतं?"

"काही नाही. जेवले."

"बर्नडीन."

"खरंच. घरून डबा आणला होता."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. बाई वाईट नाहीत. माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत पण कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर चिडायचीही सोय नाही. एक कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला. कारण लिहून द्यायचं, आज संध्याकाळपर्यंत. चष्मा बदलला असेल, औषध सुरू केलं असेल, काहीही. कारण असलं तर त्या तारखेपासूनची सगळी चित्रं क्लाइड पुन्हा काढेल आणि विषय मिटेल. "आणि कारण नसेल," त्या म्हणाल्या, "तर मला तुमच्या चौदा वर्षांच्या रेषांबद्दलच विचार करावा लागेल. आणि तुम्हाला ठेवायचं की नाही त्याबद्दलही." मी बरं म्हटलं. बरं म्हणायला मला फार सोपं जातं हल्ली.

आमची वाचायची खोली तळघरात आहे. खिडकी नाही, दिवे मंद, दोन टेबलं, दोन पडदे. एकावर मी, एकावर क्लाइड मेब्री. क्लाइड साठीचा, माझ्यासारखाच आधी इस्पितळात एक्स-रे काढायचा, नंतर इथे आला. आमचं काम सांगायला गेलं तर लोकांना झोप येते. पिट्सबर्गातली पाचेक हजार माणसं दर दोन वर्षांनी येऊन गुडघ्यांचे एक्स-रे देऊन जातात, आणि आम्ही हाडांच्या कडेवर चौऱ्याहत्तर टिंबं ठेवतो. टिंबं जोडली की आकार होतो. नाव दिसत नाही, वय दिसत नाही, कुठलं वर्ष ते दिसत नाही. डावा गुडघा आला तर यंत्र तो उलटवून उजवा करतं, त्यामुळे आमच्या खोलीत जगातलं कुणीच डावं नाही. वरच्या मजल्यावर डॉक्टर टिश्लर ते आकार एकमेकांशेजारी ठेवून एकच गोष्ट शोधतात: आकार आधी की झीज आधी. म्हणजे झिजून झिजून हाड तसं होतं, की ज्याचं हाड मुळातच तसं असतं त्याचाच गुडघा पुढे झिजतो. याच्यासाठी मी चौदा वर्षं टिंबं ठेवली. आणि सात महिने झिजलेल्या गुडघ्यांचे ओठ पुसून त्यांना कोरे करकरीत करून वर पाठवत होते. वर त्या बिचाऱ्या बाईला काय दिसलं असेल? इतकी वाकडी हाडं, आणि दुखणं कुठेच नाही.

"काय बाईसाहेब, वरून बोलावणं होतं ना?" क्लाइड पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. "बढती देतायत की काय?"

"मी ओठ काढत नाही, म्हणाल्या."

"म्हणजे?"

"मार्चपासून."

त्याने खुर्ची वळवली. मी कोट खुर्चीला अडकवला, पडदा लावला, आणि पहिला गुडघा आला. मोठ्या हाडाच्या माणसाचा, दोन्ही कडांना ओठ. मी पडद्यावरचा बाण कडेने नेत राहिले. आणि मला कळलं की हात ओठाशी आला की सरळ खाली जातो. मुद्दाम नाही. लोक घराला कुलूप लावून निघतात आणि लावलं की नाही ते त्यांना आठवत नाही, तसं काहीसं. मी टिंब मागे घेतलं, पुन्हा ओठावर ठेवायला गेले आणि हात तिथे जाईना. दुखत नव्हता, नुसता जातच नव्हता. हा काय चावटपणा आहे, मी स्वतःशी म्हटलं. तरी जाईना.

अकरा मार्चला काही झालं नव्हतं असं नाही. माझी मुलगी कोलेट टपाल वाटते. त्या आठवड्यात ती बर्फावरून घसरली होती, गुडघा सुजला होता, कुठल्याशा दवाखान्यात एक्स-रे काढून घेतला आणि तिथल्या पोराने पडद्यावर दाखवला तेव्हा हिने फोनमध्ये त्याचा फोटो काढून मला धाडला. खाली लिहिलं होतं: 'तूच सांग, हा डॉक्टर बारा वर्षांचा दिसतोय.' मी विश्रांतीच्या खोलीत कोबी-शेवयांचा डबा उघडून बसले होते. फोटो तिरपा होता, वर दिव्याची चकाकी होती, तरी मला चार सेकंद पुरले. ओठ नव्हता. मधली फट होती तेवढीच होती, म्हणजे कुर्चा शाबूत. पण मांडीच्या हाडाची दोन टोकं बाहेर पसरलेली, त्यांच्यामधली खाच चिंचोळी, आणि खाली नडगीच्या हाडाचा माथा चपटा, रुंद. तो आकार मी ओळखते. बायका पोस्टाच्या पाकिटावरचं अक्षर ओळखतात ना न उघडता, तसा ओळखते. तो माझ्या आईचा आहे.

आईचे एक्स-रे मीच काढले होते, मी इस्पितळात कामाला असताना, तिच्या एकावन्नाव्या वर्षी. अग्नेस ह्राबोव्स्की, चर्चच्या तळघरात दर शुक्रवारी बायकांबरोबर उभी राहून पिरोगीच्या, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्यांच्या, कडा दाबायची, आणि घरी यायला आमच्या उतारावरच्या एकशे अठ्ठ्याहत्तर पायऱ्या चढायची. तेव्हा तिला ओठ नुकते फुटत होते. एकसष्टाव्या वर्षी ती पायऱ्या बसून उतरायला लागली. एकेक, ढुंगणावर, दोन्ही हात मागे टेकून, आणि मी खालच्या पायरीवर तिचे बूट हातात घेऊन उभी. वर कुणी दिसलं तर ती थांबायची, झग्याची कड ओढून घ्यायची, जणू हवा खायला बसलीये. एकदा मला म्हणाली, "इकडे बघू नकोस, बर्नडीन. बूट बघ." मी बूट बघितले. त्यानंतर ती सहा वर्षं वरच राहिली, खाली आलीच नाही, आणि आली तेव्हा चार माणसांनी आणली. मला आईचा राग यायचा. तिचं दुखणं मला दिसू नये म्हणून ती जे करायची त्याचा. मी डोळे वळवावेत ही तिची इच्छा, आणि मी ती इतकी तंतोतंत पाळली की तिला उठवायला हातही दिला नाही कधी.

मी फोनवर लिहिलं, 'आकार बरा नाही.' पुसलं. 'आपण बोलू.' पुसलं, कारण बोलू म्हटलं की ती लगेच फोन करते. मग अंगठ्याने लिहिलं, 'स्वच्छ आहे.' आणि डबा संपवला. खोटं नव्हतं ते. आमच्या खोलीत स्वच्छ म्हणजे ओठ नाही आणि फट कमी झाली नाही, एवढंच. क्लाइड दिवसातून वीसदा म्हणतो, स्वच्छ, स्वच्छ, पुढचा. आकाराबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही. पण टपाल वाटणाऱ्या पोरीला स्वच्छ म्हणजे काय वाटणार? तिला तेव्हा टपालाची नवी वाट मिळत होती, उतारावरच्या वस्तीची. आमच्या गावात काही रस्ते म्हणजे नुसते जिने आहेत. नावाची पाटी असते, घरांना क्रमांक असतात, आणि पत्रं पायी न्यावी लागतात. 'मग घेते,' तिने लिहिलं, आणि पुढे नाचणाऱ्या बाईचं चित्र. मी तासाभराने खाली येऊन पडद्यापुढे बसले. त्या दुपारपासूनच्या चित्रांत ओठ नाहीत असं डॉक्टर म्हणतात.

आणि आज शुक्रवार. पोस्टाच्या कचेरीत खिडकीवर बसणारा माणूस निवृत्त होतोय, त्याच्या जागेसाठी नाव द्यायची मुदत आज पाचपर्यंत. कोलेटने रविवारी जेवताना सांगितलं. खिडकीचं काम बसून करायचं, पाऊस नाही, कुत्री नाही, पुन्हा दहा वर्षं तरी अशी जागा निघणार नाही. "मी नाव देत नाहीये," ती भाजलेल्या बटाट्याला काटा टोचत म्हणाली. "सगळे म्हणतात दे. मी म्हटलं, माझा गुडघा स्वच्छ आहे, माझ्या आईने सांगितलंय, आणि ती गावातल्या निम्म्या गुडघ्यांची मालकीण आहे." मी शाब्बास म्हटलं. हे मी पुन्हा पुन्हा आठवून बघते. शाब्बास, म्हटलं मी, आणि तिला अजून बटाटे वाढले.

अकरा वाजता मी कागद घेतला. कारण, असं छापलेलं होतं आणि पुढे दोन ओळींची जागा. मी लिहिलं: अकरा मार्च, दुपारी बारा चाळीस, माझ्या मुलीचा गुडघा पाहिला. वाचून बघितलं. कागद पाकिटात घालून मी क्लाइडच्या टेबलावर ठेवला, म्हटलं, वर जाशील तेव्हा देशील का. तो काही पाकीट बंद राहू देणाऱ्यातला नाही. वाचलं त्याने, आणि पुन्हा वाचलं.

"कोलेटचा?"

"हो."

"ओठ?"

"नाही. आकार."

"तिला माहितीये?"

मी पडद्याकडे बघितलं. तो गुडघा तसाच पडला होता, अर्धी टिंबं ठेवलेला.

"म्हणजे डॉक्टरीणबाईंना आधी सांगितलंस," क्लाइड म्हणाला. "पोरीच्या आधी. वा गं माय. कागदावर, पाकिटात घालून. धन्य आहे तुझी."

"तिला सांगून काय होणारे? होईल की नाही तेही मला माहीत नाही."

"तुला माहीत नाही ते नाही. तुला माहीत आहे तेवढं सांग." त्याने माझा कोट खुर्चीवरून काढून माझ्या मांडीवर टाकला. "मार्चपासूनचे चौदाशे गुडघे मलाच काढायचेत तुझ्या कृपेने. तू असलीस काय, नसलीस काय. चल ऊठ."

कोलेटच्या वाटेवरच्या लोरेटा स्ट्रीटच्या खालच्या टोकाला मी बारा वाजून गेल्यावर पोचले. जिना वर गेलेला, दोन्ही बाजूंना घरं एकावर एक, अंगणात भोपळे मांडलेले. थंडी होती, ऊनही होतं. मी पहिल्या टप्प्यापर्यंत चढले आणि तिथे उभी राहिले. वरून कोलेट येताना दिसली. बर्फ पडेपर्यंत ती आखूड चड्डीच घालते. डाव्या हातावर पत्रांची चवड, उजव्या हाताने ती एकेक पुढे काढून पत्ते वाचत होती, आणि पाय आपले आपण उतरत होते, कुठे न बघता, भरभर. इतकी छान उतरत होती.

तिने मला पाहिलं आणि चेहरा उतरला. "कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं."

"मग? कामावरून काढलं?"

"अजून नाही. बस जरा."

"बसू कशी गं, खालची अकरा घरं राहिलीत. चालता चालता बोल."

"चालता चालता नाही," मी म्हटलं, आणि मग एका दमात सांगितलं. स्वच्छ म्हणजे आमच्याकडे काय. अजून काही झालेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि आकार आजीचा आहे. ती ऐकता ऐकता हळूच बसली, पत्रं मांडीवर धरून.

"होणारच का मग?"

"नाही. आमच्या यादीत तसल्या आकाराच्या अर्ध्याहून कमी लोकांना झालं. पण बाकीच्यांपेक्षा पुष्कळ जास्त लोकांना."

"आणि जिने चढून वाढतं?"

"ते नक्की माहीत नाही. मला तरी नाही."

"तुला कधी कळलं?"

"तेव्हाच. फोटो उघडला तेव्हाच."

"सात महिने," ती म्हणाली. मग ओरडलीच. "सात महिने, आई! रविवारी मी तुझ्यासमोर बसून सांगितलं, नाव देत नाही. तेव्हा तू काय म्हणालीस?"

"शाब्बास."

"शाब्बास!" पलीकडच्या घरातल्या बाईने खिडकी उघडली, आम्हाला बघितलं आणि पुन्हा लावून घेतली. "रस्त्यावरच्या परक्या माणसाचा गुडघा असता तर इमानेइतबारे काढला असतास. मापं घेऊन."

"त्यांचेही नाही काढले. मार्चपासून कुणाचाच ओठ काढला नाही मी. आज सकाळी पकडलं त्यांनी."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसली, पण ते काही चांगलं हसणं नव्हतं. "कमाल आहे तुझी. आख्खं गाव बरं करून टाकलंस." तिने खिशातून पेन काढलं, सही घ्यायला ठेवते ते, आणि माझ्यापुढे धरलं. उजवा पाय तिने पुढच्या पायरीवर ताणला. "काढ."

"काय?"

"तो आकार. तुला दिसतो तसा. मला बघायचाय."

मी खालच्या पायरीवर बसले. चौदा वर्षांत मी गुडघ्याला हात लावला नव्हता. कातडीवर थंडीने काटा आला होता, पण खाली ऊब होती, आणि वाटीच्या शेजारी लहानपणी सायकलवरून पडल्याचा व्रण होता, तो एक्स-रेत कधीच दिसत नाही. मी अंगठ्याने हाडाची कड चाचपली. वरून सुरुवात केली, बाहेरच्या टोकाचा गोलवा, चिंचोळी खाच, आतलं टोक, मग खालचा पसरट माथा. पेन कातडीवर अडखळत होतं. मला भीती वाटली. सात महिन्यांनी पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं आणि ती भीती होती, इतकी की दातावर दात आपटत होते. पोरीचं काहीही होऊ शकतं आणि मला त्यातलं काही थांबवता येणार नाही, ही साधी भीती, जी इतर आया रोज डोक्यावर घेऊन बाजारहाट करत असतील.

"आणि ओठ?" कोलेट म्हणाली. "कुठे येईल?"

"येईलच असं नाही."

"आला तर कुठे येईल, आई?"

मी आतल्या कडेशी पेन टेकवलं आणि नखाएवढा काढला. ती वाकून बघत राहिली, थुंकी लावून पुसून टाकेल असं वाटलं मला, पण तिने हात लावला नाही. पेन माझ्या बोटांतून काढून घेतलं, टोपण लावलं, उठली.

"खिडकी मला नकोय," ती म्हणाली. "नीट ऐक. काचेमागे बसायला मी जन्माला आलेली नाही. तू हे मार्चमध्ये सांगितलं असतंस तरी मी हीच वाट घेतली असती."

"बरं."

"बरं म्हणू नकोस. आणि या रविवारी मी जेवायला येणार नाहीये."

"बरं."

तिने पिशवी खांद्यावर घेतली, पत्रं सारखी केली आणि माझ्या बाजूने खाली निघाली. दोन पायऱ्या नेहमीसारखी उतरली. तिसरीवर थांबली. पत्रांची चवड डाव्या काखेत दाबली, उजवा हात लांब करून कठडा धरला, आणि पायाकडे बघत, पाय नीट ठेवत, पुढच्या घराकडे गेली. गुडघा तिचा स्वच्छ आहे, मी अजूनही सांगते, त्याला काही म्हणजे काही झालेलं नाही. खालची अकराही घरं होईपर्यंत तिने कठडा सोडला नाही.